मॉरिशस : घरासारखा देश, पण घर नव्हे

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. ओळखीतला एक शिलाई कारागीर आमच्या पेढीवर आला. म्हणाला, "चाचा, मॉरिशसला चाललोय. तिथे व्हिसाची कटकट नाही, विमानतळावरच शिक्का मारतात. पुढचे सगळे एजंट बघणार आहे. अर्धी रक्कम दिली, उरलेल्यासाठी बायकोचे दागिने गहाण ठेवतोय. थोडे तुम्ही द्या."

आम्ही त्याला बसवले, चहा मागवला आणि विचारले, "कारखान्याचा करारनामा दाखव." करारनामा नव्हता. पगाराचा आकडा एजंटने तोंडी सांगितला होता. आम्ही पैसे दिले नाहीत. त्याला वाईट वाटले. पण कापडाच्या कारोबारानिमित्त आमचे त्या बेटावर काही वेळा जाणे झाले आहे. तिथे काय असते आणि काय नसते, हे आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

सगळे ओळखीचे वाटते

मादागास्करच्या पूर्वेला हिंदी महासागरात हा देश आहे. सगळी बेटे धरून क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या ठाणे जिल्ह्याच्या निम्म्याइतके. वस्ती साधारण साडेबारा लाख. १२ मार्च १९६८ रोजी देश इंग्रजांपासून स्वतंत्र झाला. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून मजूर नेले गेले. त्यांत आपल्या कोकणातलेही होते, म्हणून तिथे आजही शाळेत मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते.

दर सहा माणसांत एक मुसलमान आहे. ईदची सुट्टी आहे, हलाल गोश्त सहज मिळते, शाळेत उर्दूही घेता येते. राजधानी पोर्ट लुईच्या रॉयल रोडवरची जुम्मा मशीद कच्छ-गुजरातच्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात उभी केली. या व्यापाऱ्यांना तिथले लोक 'अरब' म्हणत. रोझ हिल गावातल्या एका बाजाराचे नाव आजही 'अरब टाऊन' आहे आणि तिथे कपडालत्ता विकला जातो.

नवा माणूस जुम्म्याची नमाज पढून बाहेर येतो, बिर्याणी खातो आणि त्याला वाटते, आपण आपल्याच मोहल्ल्यात आहोत. नेमकी इथेच चूक होते. खाणे आणि नमाज ओळखीची आहे, पण कायदा आणि कागद परका आहे.

व्हिसा म्हणजे कामाची परवानगी नव्हे

भारतीय पर्यटकाला विमानतळावर मोफत व्हिसा मिळतो, हे खरे. पण परतीचे तिकीट, राहण्याची सोय आणि खर्चाला पैसे दाखवावे लागतात. या शिक्क्यावर मशीनवर बसता येत नाही, दुकानाच्या गल्ल्यावरही बसता येत नाही. पकडला गेला की परत पाठवणी.

कारागिराचा कामाचा परवाना कारखानदाराने काढायचा असतो, तोही माणूस निघण्याच्या आधी. परवाना त्याच मालकापुरता असतो. मनाला आले म्हणून शेजारच्या कारखान्यात जाता येत नाही. छातीचा एक्स-रे आणि रक्ततपासणी होते. म्हणून करारनाम्यात पगार, जादा कामाचा दर, राहणे-जेवण आणि परतीचे तिकीट कोणाकडे, हे चारही मुद्दे लिहून घ्यावेत. तिथे जानेवारी २०१८ पासून किमान वेतनाचा कायदा आहे, तेव्हा तोंडी आकड्यावर राहू नये. पासपोर्ट आपल्याजवळच ठेवावा. अडचण आली तर पोर्ट लुईत भारतीय उच्चायोगाची कचेरी आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. सौदी, कुवेत, दुबईला जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगाराला आपल्या सरकारची इमिग्रेशन क्लिअरन्स घ्यावी लागते. लोक तिला कटकट म्हणतात, पण त्या निमित्ताने करारनामा एकदा तरी सरकारी नजरेखालून जातो. ज्या देशांसाठी ही क्लिअरन्स लागते त्यांच्या यादीत मॉरिशस नाही. म्हणजे इथे तपासणारे आपणच. एजंटकडे भारत सरकारची नोंदणी आहे की नाही, हे आधी पाहावे.

नोकरीची हमीही समजून घ्यावी. १९७० च्या निर्यात कायद्यानंतर तिथे कपड्यांचे कारखाने वाढले. जानेवारी २००५ मध्ये जागतिक कोटा पद्धत संपली आणि कित्येक कारखाने बंद पडले. जे टिकले, त्यांतले काही मादागास्करलाही गेले. हे काम परदेशी ऑर्डरवर चालते. ऑर्डर आटली की जादा काम आटते, आणि आपला माणूस जादा कामाच्या पैशावरच घराचा हिशोब मांडून गेलेला असतो.

दुकान टाकणाऱ्यांसाठी

पैसेवाल्यांसाठी राहणे आणि धंदा यांचा एकत्र परवाना आहे. २०२० मध्ये गुंतवणुकीची अट एक लाख डॉलरवरून पन्नास हजारांवर आणली. नियम बदलत असतात, म्हणून सल्ला ताजा घ्यावा. कंपनी काढली तर किमान एक संचालक तिथला रहिवासी लागतो. परदेशी माणसाला जमीनजुमला मोकळेपणाने घेता येत नाही, १९७५ पासून तसा कायदा आहे. तेव्हा गाळा भाड्यानेच घ्यावा लागेल. भाडेपट्टा बहुधा फ्रेंचमध्ये असतो. सरकारी कामकाज इंग्रजीत, वर्तमानपत्रे फ्रेंचमध्ये आणि गिऱ्हाईक बोलते क्रिओल. क्रिओल सहा महिन्यांत कानावर बसते, पण भाडेपट्टा वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.

मालाच्या बाबतीत इथला अंदाज तिथे चालत नाही. साडेबारा लाखांचा सगळा देश! एकाच छपाईचे तागे कंटेनर भरून नेले तर महिन्याभरात प्रत्येक लग्नात तेच कापड दिसेल आणि पुढे कोणी हात लावणार नाही. नग थोडे आणि नमुने जास्त, हा तिथला हिशोब.

हंगामही उलटा आहे. जून ते सप्टेंबर थंडी. क्युरपीपसारख्या उंचावरच्या गावात तेव्हा गरम कापड लागते. शाळा जानेवारीत सुरू होतात, म्हणून गणवेशाचे कापड वर्षअखेरीस खपते. डिसेंबरात नोकरदारांना कायद्याने बोनस मिळतो, वर्षाचा मोठा गल्ला त्याच महिन्यात जमतो. माल त्याआधी बंदरात उतरलेला हवा. विक्रीवर १५ टक्के व्हॅट आहे, तो नफ्यात धरून चालू नये. पोर्ट लुईचा बाजार संध्याकाळी पाचच्या सुमारास ओस पडतो. रात्री दहापर्यंत शटर उघडे ठेवण्याची आपली सवय तिथे कामाची नाही.

उधारीविषयी एकच सांगतो. एका सफेत बसून नमाज पढलो म्हणून उधार माल देऊ नये. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, हा तर कुरआनचाच हुकूम आहे. आम्ही एकदा संकोचाने लिहून घेतले नाही, आणि ती रक्कम आजही आमच्या वहीत तशीच आहे.

वादळ आणि महागाई

नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचे दिवस. सरकार एक ते चार क्रमांकाचे इशारे देते. तिसरा इशारा लागला की बाजार आणि बस बंद. मेणबत्ती, पाणी, कोरडा शिधा घरात हवा. पोर्ट लुईत पाणी भरते. ३० मार्च २०१३ च्या पुरात अकरा माणसे गेली. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळात राजधानीच्या रस्त्यांवरून मोटारी वाहत गेल्या. म्हणून तळमजल्यावर तागे जमिनीवर रचू नयेत, आणि विम्याच्या कागदावर वादळ व पूर दोन्ही शब्द आहेत का ते पाहावे.

तिथला रुपया आपल्या रुपयापेक्षा वजनदार आहे. पण तांदूळ, गव्हाचे पीठ, डाळ बाहेरून येते, त्यामुळे खर्चही वजनदार. पगाराचा गुणाकार करताना भाड्याची आणि पोटाची वजाबाकीही करावी.

हे सर्व वाचून कोणी जाऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. रोजीसाठी सफर करणे ही आपली जुनी रीत आहे, आणि ती जुम्मा मशीद अशाच सफर करणाऱ्यांनी बांधली. कागद पक्का करून गेलेले कित्येक जण अल्हम्दुलिल्लाह तिथे इज्जतीने कमावत आहेत.

त्या कारागिराने एजंटकडे करारनामा मागितला. "आज देतो, उद्या देतो" असे दोन महिने चालले, मग एजंटचा फोन बंद झाला. आधी दिलेली रक्कम बुडाली, ती अजून आलेली नाही. पण दागिने घरात आहेत आणि माणूसही. परवा तो पेढीवर आला होता. आता दुसऱ्या एका कारखान्याशी बोलणे चालू आहे. या वेळी करारनामा हातात घेऊनच आला होता. आम्ही दोघांनी तो ओळ न ओळ वाचला. परतीच्या तिकिटाचा मुद्दा त्यात नव्हता. तो लिहून मागवला आहे. तो आला की इन्शाअल्लाह या वेळी पैसे आम्ही देऊ.