शंभर टक्के निकाल, पण मुले किती?

दहावीचा निकाल लागला की दोन दिवसांत चौकाचौकांत फ्लेक्स झळकतात: ‘आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के’. स्थानिक वर्तमानपत्रांत तालुक्यातील अशा शाळांची यादी येते. यादी वाचताना आपण शाळेचे नाव आणि टक्केवारी बघतो. परीक्षेला किती मुले बसली होती, हा आकडा बहुतेकदा आपण बघत नाही, आणि अनेकदा तो छापलेलाही नसतो. त्या यादीत लहान शाळा पुष्कळ दिसतात, म्हणून कोणी म्हणते, लहान शाळाच चांगल्या. उलट एखाद्या लहान शाळेचा निकाल ५० टक्के लागला की कमी पटाच्या शाळेत गुणवत्ता नसते, ती बंद करा, असेही लगेच ऐकू येते. दोन्ही निष्कर्ष एकाच कच्च्या पायावर उभे आहेत.

समजा, तालुक्यातील सगळ्या शाळा अगदी सारख्या आहेत आणि कुठल्याही मुलाची पास होण्याची शक्यता दहात नऊ आहे. आता दहावीत १० मुले असलेल्या शंभर शाळा घ्या. निव्वळ योगायोगाने त्यांतील सुमारे ३५ शाळांचा निकाल शंभर टक्के लागेल, आणि सुमारे ७ शाळांचा निकाल ७० टक्के किंवा त्याहून कमी लागेल. शिकवण्यात काडीचाही फरक नाही, तरी एकीच्या मुख्याध्यापकांचा सत्कार होणार आणि दुसरीच्या मुख्याध्यापकांना नोटीस जाणार. २०० मुलांच्या शाळेत मात्र हे दोन्ही जवळजवळ अशक्य आहे. तिचा निकाल ९० च्या मागेपुढेच राहील. एक मूल नापास झाले तर १० मुलांच्या शाळेचे दहा टक्के जातात, २०० मुलांच्या शाळेचा अर्धा टक्का. म्हणून लहान शाळा यादीच्या वरच्या टोकालाही दिसतात आणि खालच्या टोकालाही. विद्यार्थीसंख्या चौपट झाली की हा चढउतार निम्मा होतो. अब्राहम द म्वाव्ह्र या गणितज्ञाने हा नियम अठराव्या शतकातच मांडला होता.

तरीही मोठमोठ्या लोकांनी त्याकडे दुर्लक्ष केले. अमेरिकेत १९९० नंतर लहान सरकारी हायस्कूलची चळवळ जोरात होती. उत्तम निकालाच्या शाळांमध्ये लहान शाळांचे प्रमाण जास्त आहे, हा तिच्या बाजूचा एक मोठा युक्तिवाद. गेट्स फाउंडेशनने हायस्कूल सुधारण्यासाठी सुमारे २ अब्ज डॉलर दिले. त्यातील बराच पैसा नव्या लहान शाळा काढण्यात आणि मोठ्या हायस्कूलचे तुकडे करण्यात गेला.

हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने पेनसिल्व्हेनिया राज्यातील १,६६२ शाळांचे पाचवीचे वाचनाचे गुण तपासले. सर्वांत वरच्या ५० शाळांमध्ये ६ शाळा राज्यातील सर्वांत लहान ५० पैकी होत्या. आकाराचा संबंध नसता तर एक-दोनच असायला हव्या होत्या. इथवर लहान शाळांच्या समर्थकांचे बरोबर होते. पण त्यांनी यादी खालून वाचली नव्हती. सर्वांत खालच्या ५० मध्ये ९ लहान शाळा होत्या! अकरावीच्या गुणांत तर सरासरीने मोठी हायस्कूल पुढे निघाली. वेनरच्या मते त्याचे कारण साधे असावे: मोठ्या शाळेला विषयवार शिक्षक आणि जास्त विषय परवडतात. आपल्याकडेही विज्ञान, गणित आणि इंग्रजी एकाच शिक्षकाच्या गळ्यात पडते तेव्हा काय होते, हे खेड्यातील मुलांना विचारावे. २००९ च्या वार्षिक पत्रात बिल गेट्स यांनी मान्य केले की, पैसा दिलेल्या अनेक लहान शाळांमध्ये मुलांच्या शिकण्यात लक्षणीय सुधारणा झाली नाही.

मग लहान शाळा वाया गेल्या का? न्यूयॉर्कने वेगळे उत्तर दिले. तिथे २००२ नंतर, वर्गपातळीला शंभरेक मुले असणारी नवी सरकारी हायस्कूल निघाली. मुले बहुतांश गरीब कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांतील होती. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तिथे सोडतीने प्रवेश झाले, त्यामुळे संशोधकांना खरी तुलना मिळाली. चिठ्ठी लागलेली आणि न लागलेली मुले एरवी सारखीच होती. चिठ्ठी लागलेल्या मुलांचे चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करण्याचे प्रमाण सुमारे ९ टक्क्यांनी जास्त निघाले. पण त्या शाळा नुसत्या लहान नव्हत्या. प्रस्ताव निवडून घेतलेले होते, अभ्यासक्रम कसाचा होता आणि प्रत्येक मुलावर नजर ठेवणारा शिक्षक ठरलेला होता. शाळा लहान असल्यामुळे हे सोपे गेले असेल, पण ते करावे तर लागलेच.

आता आपल्याकडे बघू. प्रत्येक फरक योगायोगाच्या खात्यात टाकता येत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून झालेला कोकण विभाग मुलांच्या संख्येने राज्य मंडळात लहान आहे आणि दहावीला तो वर्षानुवर्षे पहिला येतो. पण तिथेही हजारोंनी मुले परीक्षेला बसतात. एवढ्या संख्येत योगायोग टक्क्याच्या एका तुकड्यापुरताच उरतो, आणि तो दरवर्षी एकाच बाजूला झुकत नाही. तिथे कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

शंभर टक्क्यांचा आणखी एक मार्ग गणिताबाहेरचा आहे. नववीतच कच्च्या मुलाला अडवायचे किंवा ‘बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भर’ म्हणून सांगायचे. निकाल स्वच्छ राहतो, मूल शाळेच्या हिशेबातून जाते. अशी मुले कुठल्या वस्तीतील असतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. म्हणून फ्लेक्सखाली उभे राहून पहिला प्रश्न हा विचारावा: दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुले होती आणि त्यांतील किती नियमित म्हणून दहावीला बसली?

कमी पटाच्या शाळांचा प्रश्न यापुढेही येत राहणार आहे. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव शिक्षण विभागाने २०२३ मध्ये मागवले होते. त्या प्राथमिक शाळांच्या बाबतीतला हिशेब हायस्कूललाही लागू पडतो. समायोजनाच्या बैठकीत कोणी एका वर्षाचा निकाल पुढे केला तर पाच वर्षांची बेरीज मागा. दरवर्षी ८ मुले असतील तर पाच वर्षांत ४० होतात. तेवढ्यावरून अंदाज तरी बांधता येतो, आठांवरून काहीच नाही. विषयवार शिक्षक किती आणि पदे किती वर्षे रिक्त, हेही माहिती अधिकारात विचारा. नवी शाळा किती किलोमीटरवर आहे आणि पाच वाजता शाळा सुटल्यावर नववीच्या मुलीला घरी आणणारी एसटी आहे का, याचे उत्तर लेखी घ्या.