शेंदूर खरवडल्याशिवाय चाक कळत नाही: जुन्या ट्रकच्या लोखंडी चाकांचा रंग

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, चाकाला रंग देणे यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? डबा उघडा, ब्रश बुडवा, मारा. आपल्याकडे होतंही तसंच. दसरा आला की रंग, पासिंगची तारीख आली की रंग, गाडी विकायला काढली की रंग. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेससाठी न्यावी लागते. तेव्हा पंधरा वर्षांच्या ट्रकच्या चाकावर रंगाचे किती हात बसले असतील, हिशोब तुम्हीच करा. आणि प्रत्येक वेळी जुन्यावरच नवा.

आमचं म्हणणं असं की या कामात रंग काढणं मोठं आणि रंग देणं त्यामागून येणारं. का, ते आधी बघू.

ट्रकच्या मागच्या एक्सलवर एका बाजूला दोन चाकं असतात, म्हणजे जोडचाक. हबवर आधी ड्रम, मग आतली डिस्क, तिला टेकून बाहेरची डिस्क आणि शेवटी नट. आपल्याला वाटतं नट चाकाला धरून ठेवतो. खरं तर धरून ठेवतो तो बोल्टचा ताण. नट आवळला की बोल्ट किंचित लांबतो, रबरासारखा परत आखडायला बघतो आणि त्या ओढीने डिस्का हबवर दाबल्या जातात. 22 मिलिमीटरचा बोल्ट नीट आवळला तर ही ओढ सुमारे 20 टनांची असते. आणि ती देण्यासाठी बोल्ट लांबतो किती? साधारण एक ते दीड दशांश मिलिमीटर. फक्त तेवढाच.

आता रंगाकडे या. इनॅमल रंगाचा एक हात सुकल्यावर साधारण 30 ते 40 मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाच हात बसले तर दीडशे ते दोनशे मायक्रॉन. जोडचाकात असे रंगवलेले चेहरे चार: आतल्या डिस्कचे दोन, बाहेरच्या डिस्कचे दोन. म्हणजे ड्रम आणि नट यांच्यामध्ये मिळून सहाशे ते आठशे मायक्रॉन रंग, अर्ध्या मिलिमीटरहून जास्त. लोखंड लोखंडावर टेकायला हवं, तिथे आपण रंगाची गादी घातली. वजन, हादरे आणि ब्रेकची गरमी यांनी ती गादी हळूहळू चेपते. ती नुसती पाव हिश्शाने चेपली, तरी बोल्टचा सगळा ताण संपला! नट जागेवर दिसतो, पण तो धरत काहीच नाही. मग डिस्क बोल्टवर खेळायला लागते, भोकं लांबट होतात, बोल्ट तुटतात आणि एके दिवशी चाक गाडीच्या पुढे पळतं. ट्रकचं सुटलेलं चाक समोर कोण आहे ते बघत नाही.

म्हणून नियम असा: डिस्क जिथे हबला, ड्रमला किंवा दुसऱ्या डिस्कला टेकते तो भाग, आणि नट बसतो ती जागा, इथे जाड रंग नको. फार तर प्रायमरचा एक पातळ हात. बाकी चाक हवं तेवढं नटवा.

दुसरं कारण. मराठीत आपण म्हणतो, शेंदूर खरवडल्यावर आतला दगड दिसतो. चाकाचं तेच आहे. तडा जातो तो हाताच्या मोठ्या भोकांच्या कडेने, बोल्टच्या भोकांभोवती आणि लॉक रिंग बसते त्या खाचेत. रंगाचा थर तडा झाकून टाकतो. नटाखालून गंजाचे तांबडे ओघळ आलेले असतील तर तिथे नट ढिला असल्याचा संशय घ्यायचा. रंग मारणारा माणूस नेमकी तीच खूण पुसतो. म्हणजे पासिंगच्या आदल्या दिवशी आपण चाकाची तक्रारच मिटवून टाकतो, दुखणं तसंच.

आता कृती. पहिली गोष्ट, आणि हिच्यावर तडजोड नाही. नटाला पाना लावण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायची. जोडचाक असेल तर दोन्ही टायरांची. जुन्या चाकावर टायर अडकवून धरणारं लॉक रिंगचं कडं असतं. शंभर-एकशेदहा पीएसआय हवा त्या कड्यावर कित्येक टनांचा जोर लावून बसलेली असते. गंजलेलं कडं सुटलं तर माणूस वाचत नाही. अमेरिकेत अशा चाकांच्या कामासाठी 1980 साली वेगळा कायदेशीर नियमच करावा लागला.

टायर, ट्यूब, फ्लॅप उतरवले की आधी धुणं. ग्रीस आणि तेल निघायच्या आत तारेचा ब्रश लावला तर तेल सगळीकडे पसरतं, आणि त्यावर कुठलाच रंग धरत नाही.

मग रंग काढण्याच्या तीन वाटा. एक, ग्राइंडरला तारेची वाटी. स्वस्त आहे, पण कोपऱ्यांत पोचत नाही, आणि तारा तुटून उडतात, म्हणून चष्मा हवाच. दोन, रंग काढायचं रसायन. जुन्या रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, बंद खोलीत खाली साचते, आणि शरीरात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. अमेरिकेने 2019 मध्ये घरगुती ग्राहकाला असे रिमूव्हर विकणं बंद केलं. वापरायचंच तर उघड्यावर, जाड हातमोजे घालून. तीन, ब्लास्टिंग. काम सगळ्यात सुबक, पण नदीची किंवा समुद्राची वाळू वापरायची नाही. तिच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि त्याला औषध नाही. ब्रिटनने ब्लास्टिंगमधली वाळू 1949 मध्येच बंद केली. त्याऐवजी लोखंडी ग्रिट किंवा गार्नेट असतं. दुकानदाराला विचारा, आत काय भरता?

काहीजण गॅसच्या ज्योतीने रंग जाळतात. टायर चाकावर असताना हे कधीही करू नका, हवा सोडलेली असली तरी. आतून रबर तापून त्याचा वायू होतो आणि टायर फुटतो.

इथे शेंदूर पुन्हा येतो, आणि या वेळी म्हणीतला नाही. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. जुन्या काळी लोखंडावर जो भडक शेंदरी प्रायमर मारत, तो हाच. आज दुकानात मिळतो तो रेड ऑक्साइड वेगळा, तो लोखंडाचा ऑक्साइड, आपल्या अंगणातल्या गेरूचा भाऊ. भारतात 90 पीपीएमची शिशाची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. जुन्या ट्रकच्या रंगात काय आहे ते डोळ्यांना कळत नाही, म्हणून शिसं आहे असं धरूनच चालायचं. सुकं घासू नका, पाणी आणि पाणपेपर वापरा. मशीन लावावंच लागलं तर बारीक धूळ अडवणारा मास्क, फडकं बांधून भागत नाही. खरवड गोळा करा. कामाचे कपडे घरी मुलांच्या कपड्यांत टाकू नका. शिशाने सगळ्यात जास्त नुकसान होतं ते लहान मुलांच्या मेंदूचं, आणि मुलं गॅरेजमध्ये नसली तरी कपडे घरी जातात.

लोखंड उघडं झालं की उजेडात नीट बघा. तडा, लांबट झालेलं भोक, गंजाने खाल्लेली कड, यातलं काही दिसलं तर ते चाक भंगारात. त्यावर वेल्डिंग नाही, पुट्टी तर नाहीच.

चांगलं निघालं तर त्याच दिवशी प्रायमर. कोकणात पावसाळ्यात उघडं लोखंड काही तासांत तांबूस होतं, म्हणून शक्यतो कोरड्या दिवशी काम काढा. टेकण्याचा भाग आणि नटाच्या जागा पुठ्ठा कापून, टेप लावून झाका. प्रायमर, मग रंगाचे दोन पातळ हात, मध्ये पूर्ण सुकू द्यायचं. घाईत मारलेला एक जाड हात वरून सुकतो, आत ओला राहतो.

चाक चढवताना हब आणि ड्रमचा चेहराही तारेने साफ करा. नट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला आवळा. पाईप घालून त्यावर उभं राहणं म्हणजे टॉर्क नव्हे. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात. आणि साधारण 80 ते 160 किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासा, कारण नवा रंगही थोडा चेपतोच.

या सगळ्याला एका चाकामागे अर्धा-एक दिवस जातो. मालकाला तो खाडा वाटतो, हे आम्हाला माहीत आहे. सगळी चाकं एकदम जमत नसतील तर टायर बदलायला जे चाक उतरलंच आहे, ते करा. वर्षा-दोन वर्षांत सगळ्यांची पाळी येते. आणि तोवर एवढं तरी नक्की करा: दसऱ्याला ब्रश हातात घेतलात की नटांच्या जागेपासून दूर ठेवा.

आता प्रश्न घेऊ.