खेळातील खंड आणि मुलींचा दमसास

भाषेच्या अध्यापनात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीने शरीरशास्त्राच्या प्रांतात पाऊल टाकावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु या विषयाकडे मी एका शब्दाच्या वाटेने आले. तो शब्द म्हणजे ‘दमसास’. गवयाला, पोहणाऱ्याला आणि फुटबॉलच्या मैदानावर धावणाऱ्या मुलीलाही आपण तो सारखाच लावतो. क्रीडाशास्त्रात याला ‘एरोबिक क्षमता’ म्हणतात. शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू घेऊन वापरू शकते, हे तिचे माप होय.

नव्वद मिनिटांच्या सामन्यात वरच्या दर्जाच्या महिला खेळाडू सुमारे दहा किलोमीटर अंतर कापतात. त्यात वेगवान धावा पुनःपुन्हा येतात. दोन धावांमधला थकवा भरून काढण्याचे काम दमसासाचे. आपल्या गोव्यात मुलींच्या खेळाला पावसाळा, परीक्षा, दुखापत आणि विशेषतः दहावीचे वर्ष यांमुळे खंड पडतो. त्या खंडात शरीरात काय घडते, हे पालकांनी आणि शिक्षकांनी समजून घ्यावे, एवढाच माझा हेतू आहे.

सराव थांबला की प्रथम रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी बाहेर पडणारे रक्त कमी होते. त्यानंतर स्नायूंतील तंतुकणिकांची प्राणवायू वापरण्याची शक्ती मंदावते. अमेरिकेतील एडवर्ड कॉइल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दीर्घकाळ सराव केलेल्या खेळाडूंना ८४ दिवस व्यायामापासून दूर ठेवले होते. पहिल्या २१ दिवसांत त्यांची क्षमता ७ टक्क्यांनी उतरली. ५६ दिवसांनंतर ती सुमारे १६ टक्के घटीवर स्थिरावली. मात्र स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे टिकून राहिले. हे खेळाडू प्रौढ होते. त्यामुळे हे आकडे चौदा वर्षांच्या मुलीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु पहिल्या काही आठवड्यांतील घट ही मोठी असते, हा त्यातील बोध आपल्या उपयोगाचा आहे.

याच्या जोडीला दुसरा, दिलासा देणारा निष्कर्षही आहे. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले, की आठवड्यातले सहा दिवस चाललेला व्यायाम दोन दिवसांवर आणला, तरी पंधरा आठवडे कमावलेली क्षमता टिकते. अट एकच : व्यायामाचा जोर कमी होता कामा नये. वेळ घटवली तर चालते, जोर घटवला तर चालत नाही. म्हणजे परीक्षेच्या दिवसांत रोज संथपणे फिरून येण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस मिनिटे जोमाने धावणे अधिक हिताचे.

मुलींच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. मासिक पाळीत दोन-चार दिवस विश्रांती घेतल्याने दमसास घटत नाही. ज्या मुलीला त्या दिवसांत खेळावेसे वाटते, तिला अडवण्याचेही कारण नाही. दुसरे असे, की खंडानंतर परतलेली मुलगी फारच लवकर धापा टाकू लागली, तर केवळ सराव तुटल्याचा दोष काढू नये. पाळीतील रक्तस्रावामुळे लोहाची कमतरता असू शकते. तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा भारतात २०२० साली व्हायची होती. महामारीमुळे ती पुढे ढकलली, मग रद्द झाली आणि अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये भरली. तिचे काही सामने आपल्या फातोर्ड्याच्या मैदानावर झाले. पण २०२० च्या स्पर्धेसाठी तयारी केलेल्या २००३ आणि २००४ सालच्या मुली तोवर वयोमर्यादेबाहेर गेल्या होत्या. गेलेला दमसास काही आठवड्यांच्या सरावाने पुष्कळसा परत येतो; वयाचे तसे नाही. तो खंड कोणाच्याच हाती नव्हता. दहावीच्या वर्षाचा खंड मात्र आपण घालतो, आणि त्यानंतर कित्येक मुली मैदानावर परतत नाहीत.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज पालक आहेत. आठवड्यातील दोन संध्याकाळी त्यांनी आपल्या मुलींसाठी राखून ठेवाव्यात, एवढी विनंती करून मी हे विवेचन थांबवते.