प्रिंटरला काय काय आठवते?

बुरैदामध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला झेरॉक्स काही चुकत नाही. इकामा, पासपोर्ट, घरभाड्याचा करार, मुलांचे शाळेचे दाखले… प्रत आणि मूळ कागद आपण आठवणीने उचलतो. पण यंत्राच्या पोटात काही उरते का? ते यंत्रात कोणती मेमरी आहे, यावर ठरते.

रॅम: कामापुरती आठवण

लेझर प्रिंटरचा ड्रम फिरू लागला की पान मध्येच थांबवता येत नाही. म्हणून पानाचे चित्र आधी रॅममध्ये तयार व्हावे लागते. ए-4 पान 600 डीपीआयने छापायचे तर आडवे सुमारे 4,960 आणि उभे 7,016, म्हणजे जवळजवळ साडेतीन कोटी ठिपके होतात. काळ्या-पांढऱ्या पानात एका ठिपक्याला एक बिट धरला तर सव्वाचार एमबी लागतात. चार रंग आणि प्रत्येकाच्या 256 छटा धरल्या तर हाच आकडा 140 एमबीच्या आसपास जातो. प्रिंटर ही माहिती दाबून लहान करतो. तरीही फोटोंनी भरलेली पीडीएफ आली की कमी रॅमचा प्रिंटर 'मेमरी अपुरी' म्हणून अडून बसतो. अशा वेळी रॅम वाढवावी किंवा डीपीआय कमी करावा. मात्र मिनिटाला 30 पाने छापणारे यंत्र जास्त रॅम घालून 40 छापणार नाही. वीज गेली की रॅममधले सारे पुसले जाते.

डिस्क: टिकणारी आठवण

घरच्या छोट्या प्रिंटरमध्ये सहसा फक्त फ्लॅश मेमरी असते. तिच्यात यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर, सेटिंग्ज आणि वाय-फायचा पासवर्ड राहतो. ऑफिसातल्या मोठ्या यंत्रांत मात्र अनेकदा हार्ड डिस्क किंवा एसएसडी असते. अहवालाच्या पन्नास प्रती क्रमाने लावून काढणे, पिन टाकल्यावरच छापणे, स्कॅन जपून ठेवणे ही कामे तिच्या जोरावर होतात.

गोम अशी, की फाइल 'डिलीट' झाली तरी बहुधा फक्त तिची नोंद जाते. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी आतली पाने राहतात, तसेच हे. त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर परत मिळवता येतो.

2010 मध्ये अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीने चार जुने कॉपियर विकत घेऊन हे दाखवून दिले. एकाच्या डिस्कवर अफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्यविमा संस्थेच्या ग्राहकांची वैद्यकीय माहिती सापडली. भाड्याने घेतलेली यंत्रे डिस्क न पुसताच परत केली होती. 2013 मध्ये हे प्रकरण मिटवताना संस्थेला 12 लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली.

मग करायचे काय?

- ऑफिसच्या यंत्रात डिस्क असेल तर एन्क्रिप्शन आणि 'ओव्हरराइट' चालू आहे का, हे आयटी विभागाला विचारा.
- एसएसडीवर नुसते ओव्हरराइट पुरत नाही, कारण तिच्यात नवा मजकूर बहुधा जुन्याच जागी लिहिला जात नाही. तिथे एन्क्रिप्शनच भरवशाचे. किल्ली नष्ट केली की उरलेला मजकूर वाचता येत नाही.
- भाड्याचे यंत्र परत करण्यापूर्वी डिस्क पुसल्याचे लेखी घ्या.
- बदली झाली म्हणून घरचा प्रिंटर विकताय? आधी 'फॅक्टरी रीसेट' करा.

आपल्या इकाम्याची प्रत ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद असेल. तीच प्रत यंत्रातही असू शकते, हे कपाटाला कुलूप लावणाऱ्याच्या गावीही नसते. त्याला आधी हे सांगा.