लोकहोडी आणि तिच्या बहिणी

श्रोते मंडळी, ओझ्याची बैलगाडी आणि शर्यतीचा छकडा ह्यांतला फरक आपल्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. चाके दोन्हींना दोनच, बैलही दोनच. पण एकीवर पोती लादायची आणि दुसरा वाऱ्यासारखा पळवायचा. एकाच गाडीने ही दोन्ही कामे झाली पाहिजेत आणि ती गरिबाच्या खिशाला परवडलीही पाहिजे, असे म्हटले तर सुतार डोके खाजवीत बसेल. उत्तर युरोपात शिडाच्या होड्यांच्या बाबतीत ऐंशी वर्षांमागे असाच पेच पडला होता. तो सुटला, त्यातून एक होडी जन्माला आली, आणि पुढे तिच्या इतक्या घडणी झाल्या की आज जाणकार माणूसही बंदरात उभा राहून क्षणभर थबकतो, की ह्यांतली खरी कोणती?

ह्या होडीचे नाव फोकबोट. मराठीत सरळ लोकहोडी म्हणा. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. डेन्मार्क आणि नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात, स्वीडन तटस्थ पण चहूकडून वेढल्यासारखे. अशा काळात स्कँडिनेव्हियातल्या नौकाशर्यतींच्या संघाने एक स्पर्धा जाहीर केली. साध्या माणसाला घेता यावी, सुटीत बायकामुलांना घेऊन चार दिवस तिच्यात राहता यावे, आणि मनात आले तर शर्यतीतही उतरवता यावी, अशा होडीचे आराखडे मागवले. आराखडे आले अठ्ठावन्न. कोणाचा बांधा चांगला, कोणाची आतली सोय चांगली. पण सर्वांगाने पसंत पडावा असा एकही नाही. मग परीक्षकांनी तोर्ड सुंदेन नावाच्या नौकारचनाकाराला बोलावले आणि सांगितले, बाबा, ह्यांतले चांगले चांगले वेचून एक होडी काढ. त्याने ती काढली, आणि १९४२ च्या एप्रिलमध्ये पहिली लोकहोडी गोथेनबर्गच्या पाण्यात उतरली. पुढे तशा चार हजारांच्या वर झाल्या. गंमत म्हणा की अन्याय म्हणा, ज्याच्या हाताने ती कागदावर उतरली त्या सुंदेनला त्याचे श्रेय पुष्कळ वर्षे धड मिळाले नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता ही मूळ होडी कशी असते ते पाहू. लांबी सुमारे पंचवीस फूट, रुंदी सव्वासात फूट, पाण्याखाली खोली चार फूट. वजन दोन टनांना थोडे कमी, म्हणजे १,९३० किलोच्या आसपास. त्यातले निम्म्याहून अधिक वजन एकट्या लोखंडाचे! होडीच्या तळाशी जो कणा असतो, ज्याला आपल्या किनाऱ्यावरचे सुतार पठाण म्हणतात, त्याच्या खाली ओतीव लोखंडाचा जाड ठोकळा बोल्टांनी आवळलेला असतो. होडी कलंडू नये म्हणून पोटात जे जड भरण घालतात त्याला आपला जुना शब्द आहे नीरम. इथे हे नीरम सुटे नाही, कायमचे जडलेले. वाऱ्याने शीड कितीही आडवे केले तरी हे लोखंड तिला पुन्हा उभी करते. डोलकाठी एक, शिडे दोन. मोठे मागे, लहान पुढे, मिळून चोवीस चौरस मीटर कापड. पुढचे शीड डोलकाठीच्या शेंड्याला बांधलेले नसते, शेंड्यापासून बरेच खाली बांधलेले असते. हे बारीकसे वाटेल, पण पुढे होड्या ओळखताना हीच खूण उपयोगी पडते.

आणि फळ्या. आपल्या कोकणातल्या मोठ्या गलबतांच्या फळ्या काठाला काठ भिडवून बसवतात, फटी बुजवतात, बाहेरून अंग गुळगुळीत. लोकहोडीच्या फळ्या एकीवर एक थोडी चढवून बसवलेल्या असतात. घरावर मंगलोरी कौले जशी वरच्याची कड खालच्यावर येईल अशी घालतो, तशा. दोन फळ्या जिथे एकमेकींवर येतात तिथे तांब्याचे खिळे. ह्या चढणीमुळे जोडाशी जाडी दुप्पट होते आणि फळी पातळ असूनही होडी कणखर राहते. चालताना त्या कडांखाली पाणी खळखळते. ज्यांनी त्या आवाजाच्या संगतीत रात्र काढली आहे, त्यांना दुसऱ्या होडीत झोप लागत नाही म्हणे.

लाकूड आले की लाकडाची दुखणीही आली. उन्हाळ्यात बैलगाडीचे चाक वाळते, धाव सैल होते, मग आपण ते चाक ओढ्यात भिजत घालतो. ह्या होडीचे तसेच आहे. हिवाळाभर किनाऱ्यावर काढून ठेवली की फळ्या आखडतात. वसंतात पाण्यात सोडली की पहिले एक-दोन दिवस पाणी आत येते, फळ्या फुगल्या की थांबते. दरसाल खरवडणे, रंग देणे, एखादी फळी बदलणे. लोखंडी नीरम धरून ठेवणारे बोल्ट आतल्या आत गंजतात, ते तपासावे लागतात. शिवाय मागची बसायची जागा उघडी. लाट आत आली तर पाणी थेट पोटात उतरते, ते उपसूनच काढावे लागते.

युद्धानंतर मजुरी वाढली, चांगले लाकूड महागले, आणि काचतंतूचे नवे द्रव्य आले, ज्याला आपण फायबर म्हणतो. आपल्याही किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या शेजारी फायबरच्या होड्या आल्याच आहेत. ह्याची रीत गणपतीच्या साच्यासारखी. साच्याच्या आतल्या अंगाला आधी रंगाचा थर, मग काचेच्या धाग्यांची चटई, तीवर राळेसारखे चिकट द्रव्य, पुन्हा चटई, पुन्हा द्रव्य. घट्ट झाले की साच्यातून अख्खे पोट बाहेर. साचा एकदा केला की शंभर होड्या एकसारख्या निघतात, आणि पातळ फळी वाकवणारा पट्टीचा सुतार प्रत्येक वेळी शोधावा लागत नाही.

पण प्रश्न असा, की साचा कशाचा करायचा? इथे वाटा फुटल्या.

पहिली वाट इंग्लंडात निघाली. लिमिंग्टन गावी जेरेमी रॉजर्स हा कारागीर लाकडाच्या पातळ पट्ट्या डिंकाने थरांवर थर चिकटवून लोकहोड्या बांधीत असे. त्याच्या होडीचा एक धनी होता डेव्हिड सॅडलर. ह्या दोघांनी मिळून १९६६ च्या सुमारास फायबरची नवी होडी काढली, काँटेसा २६. लांब पठाण तोच, सुकाणू मागच्या फळीवर टांगलेले तेही तसेच. पण अंग गुळगुळीत, मागचा भाग बदललेला, आणि पुढचे शीड थेट डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत. म्हणजे पुढच्या शिडाची ताकद वाढली. नीरम शिशाचे, आणि ते फायबरच्या पोटातच बंद. बोल्टही नाहीत आणि गंजही नाही. ही होडी पुढे कॅनडात टोरांटोलाही बनू लागली. तिथेच बनलेली एक काँटेसा घेऊन टानिया एबी ही अठरा वर्षांची मुलगी १९८५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कहून निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९८७ च्या नोव्हेंबरात परत आली. होडीचे नाव काय ठेवले होते माहीत आहे? वरुणा!

दुसरी वाट खुद्द सुंदेनची. ज्याला पहिल्या खेपेस श्रेय मिळाले नव्हते त्याने पंचवीस वर्षांनी फायबरसाठी नवा आराखडा केला, आंतरराष्ट्रीय फोकबोट. स्वीडनमध्ये तिला नुसते आय-एफ म्हणतात. मारिएहोल्म इथल्या कारखान्याने १९८४ पर्यंत अशा सुमारे ३,४०० होड्या काढल्या. रूप मूळ होडीचेच, पुढचे शीडही तसेच शेंड्याखाली. पण अंग गुळगुळीत, लांबी थोडी जास्त, वजन २,१५० किलो, कापड सव्वीस चौरस मीटर. मागच्या बैठकीला तळ घालून पाणी आपोआप समुद्रात वाहून जाईल अशी सोय केली. ज्याच्या घरात लहान मुले आहेत त्याने ही एक सुधारणा बाकी सगळ्या सुधारणांहून मोठी समजावी, असे माझे मत आहे. ह्याच कारखान्याने पुढे छपराची उंची आणि आतली जागा वाढवून मारिएहोल्म २६ ही आणखी एक बहीण काढली. आत मोकळीक आली. डौल मात्र थोडा गेला.

तिसरी वाट सर्वांत अवघड होती, आणि मला विशेष तिच्याविषयीच सांगायचे आहे.

असे पाहा. एखाद्या शाळामास्तराने किंवा गोदी-कामगाराने आयुष्याची पुंजी घालून लाकडी लोकहोडी घेतली आहे. रविवारी तो शर्यतीत उतरतो. सगळ्यांच्या होड्या सारख्या, म्हणून जो हुशारीने हाकील तो पुढे जाईल; पैसेवाल्याला त्यात वेगळा मान नाही. आता समजा, बाजारात त्याच नावाची फायबरची होडी आली, वजनाला हलकी आणि पळायला चपळ. दुसऱ्या वर्षी ह्याची होडी शर्यतीतून बाद, तिसऱ्या वर्षी तिला गिऱ्हाईक नाही. बरे, फायबरला दारच बंद करावे, तर लाकडी होडी नव्याने बांधायला पैसे कोणाकडे? नव्या होड्या येईनात, तर शर्यतच हळूहळू मरणार. दोन्हीकडून अडचण.

१९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास डेन्मार्कमधल्या केर्तेमिंडे गावी ह्यावर तोड निघाली. फायबरची होडी करायची, पण ती लाकडीची हुबेहूब जोड असली पाहिजे. साच्यातच फळ्यांवर फळ्या चढवल्याच्या कडा घेतल्या. फळी एकही नाही, पण कडा सगळ्या आहेत! पुष्कळांना हे हास्यास्पद वाटते. प्लास्टिकच्या पत्रावळीवर पळसाच्या शिरा छापाव्यात तसे. पण त्या कडा शोभेच्या नव्हेत. पाणी ज्या अंगावरून जाते ते अंग सारखे हवे, म्हणून त्या ठेवल्या.

एवढ्यानेही भागले नाही. एकूण वजन सारखे ठेवले तर पुरे ना, असे कोणीही विचारील. पुरे नाही. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून पाहावा. खांद्यावर कावड घ्या. दोन्ही टोकांना पाण्याची एकेक घागर. आता चटकन गर्रकन वळून पाहा. कावड वळू देत नाही आणि एकदा वळली की थांबता थांबत नाही. त्याच दोन घागरी टोकांवरून काढून खांद्याशी आणा आणि वळा. ओझे तेवढेच, पण वळणे किती सोपे! होडीचे लाटेवर असेच होते. दोन्ही टोके जड असतील तर ती लाटेवर चढायला उशीर करते, नाक खुपसते, वेग मारते. फायबरच्या होडीची टोके हलकी करून उरलेले वजन मधोमध लोखंडाने भरले असते, तर तराजूत दोन्ही सारख्या उतरल्या असत्या आणि पाण्यात मात्र नवी होडी दरवेळी पुढे गेली असती. म्हणून वजन किती एवढेच न पाहता ते कुठे कुठे वाटले आहे, हेही लाकडी होडीशी जुळवले. मग १९७७ मध्ये ह्या होड्यांना जुन्यांच्या पंगतीत घेतले. तेव्हापासून लाकडी आणि फायबरच्या होड्या एकाच शर्यतीत, एकाच बाराला सुटतात.

आय-एफ आणि काँटेसा ह्यांना मात्र त्या पंगतीत जागा नाही. त्यांच्या शर्यती वेगळ्या. सुंदेनची स्वतःची आय-एफ लोकहोडीत गणली जात नाही आणि केर्तेमिंडेची साच्यातली होडी गणली जाते, हे ऐकून चमत्कारिक वाटेल. पण नियम रचणाऱ्याचे नाव पाहत नाही, माप पाहतो.

आता ह्या सगळ्या मापांना धाब्यावर बसवणाऱ्या एका होडीचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. इंग्रज आरमारी अधिकारी ब्लाँडी हॅस्लर ह्याने १९५३ मध्ये लोकहोडीच्या बांध्यावर स्वतःसाठी एक होडी करवून घेतली, जेस्टर. फळ्या काठाला काठ भिडवलेल्या, मागची उघडी बैठक बंद, वर फक्त एक गोल झडप, आणि पुढे दोन शिडांऐवजी बांबूच्या पंख्यासारखे मिटणारे एकच चिनी शीड. हेतू हा, की एकट्या माणसाला झडपेतून कमरेइतके वर येऊन सगळे काम करता यावे. १९६० मध्ये इंग्लंडहून न्यूयॉर्कपर्यंत एकट्याने जायची पहिली शर्यत झाली. उतरले पाच जण. फ्रान्सिस चिचेस्टर चाळीस दिवसांत पहिला पोहोचला, हॅस्लर ह्या पंचवीस फुटी होडीतून अठ्ठेचाळीस दिवसांत दुसरा. चिचेस्टरची होडी त्याच्या होडीहून कितीतरी मोठी होती, हे विसरू नये. जेस्टर पुढे मायकेल रिची ह्याच्याकडे गेली आणि १९८८ मध्ये अटलांटिकात हरवली. तिची प्रतिकृती मागाहून बांधली गेली.

तेव्हा श्रोते मंडळी, कधी चित्रात, सिनेमात किंवा परदेशी बंदरावर अशी लहान शिडाची होडी दिसली, तर आधी तिचे अंग पाहा. कौलांसारख्या कडा असतील तर ती मूळ वंशातली. मग बोटाच्या पेराने हळूच वाजवून पाहा. लाकूड की फायबर हे आवाजच सांगेल. अंग गुळगुळीत असेल तर मान वर करून पुढच्या शिडाची दोरी डोलकाठीला कुठे बांधली आहे ते पाहा. शेंड्याला असेल तर बहुधा काँटेसा, शेंड्याखाली असेल तर आय-एफ. आणि जवळच धनी उभा असेल तर वाजवण्याआधी त्याला विचारा. लाकडी होडीचे धनी ह्या बाबतीत फार हळवे असतात.