सोनोरन वाळवंटातील अंगणाचे छायाचित्रण

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात टूसॉन शहराभोवती पसरलेल्या सोनोरन वाळवंटात घराचे अंगण आणि रान यांच्यामधील सीमा इतकी पुसट असते की, छायाचित्रकाराला विषयाच्या शोधात फार दूर जावे लागत नाही. चोया या दाट काट्यांच्या निवडुंगात कॅक्टस रेन हा पक्षी घरटे बांधतो. सग्वारो या खांबासारख्या उंच निवडुंगाची पांढरी फुले मे-जूनमध्ये रात्री उमलून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात. म्हणूनच ती टिपण्यासाठी सकाळची पहिली वेळ सर्वांत योग्य, कारण तेव्हा तिरपा, मऊ प्रकाश काट्यांच्या कडा उजळवतो आणि मधमाश्या व होलेही फुलांवर आलेले असतात.

पाळीव प्राण्यांचे चित्रण मात्र अधिक कठीण. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे चौकटीत फिकट वाळू अधिक असली की तो प्रकाश कमी करतो आणि काळ्या कुत्र्याचे डोळे, केस, भाव सारे काळोखात बुडतात. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे संवेदकावर पडणाऱ्या प्रकाशाची मात्रा, मुद्दाम वाढवता येते. पण त्याहून उत्तम उपाय म्हणजे प्राण्याला व्हरांड्याच्या सावलीत बसवून कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर नेणे. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या पुढे जाते, तापलेल्या फरशीवर पंजे भाजतात आणि कोयोटी हे कोल्ह्यासारखे शिकारी प्राणी अंगणापर्यंत येतात. तेव्हा कोणत्याही छायाचित्रापेक्षा प्राण्याची सुरक्षितता मोठी मानलीच पाहिजे.