हेन्ड्रिक्स की पेज? भांडा सौख्यभरे!

‘सगळ्यात भारी गिटारिस्ट कोण?’ या प्रश्नाला उत्तर नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी त्यावर आवाज चढतातच. आणि चढायलाच हवेत!

एखाद्या ग्रुपची शांतता घालवायची असेल तर राजकारण काढायची गरज नाही. फक्त एवढंच विचारा, ‘रॉकमधला ऑल टाइम ग्रेट गिटारिस्ट कोण रे?’ आणि गंमत बघत बसा.

आमच्या ऑफिसच्या ग्रुपमध्ये हे दर दोन-तीन महिन्यांनी होतंच. टेस्टिंगमधला एक जण जिमी पेजचा भक्त आहे. एचआरमधली मैत्रीण डेव्हिड गिल्मरच्या पलीकडे काही ऐकूनच घेत नाही. अकाउंट्समधल्या एकाला मीटिंगमध्ये तोंड उघडताना कोणी पाहिलेलं नाही, पण एडी व्हॅन हेलनचं नाव निघालं की तो टेबलावर बोटं नाचवायला लागतो. मी हेन्ड्रिक्सवाला. आता करा भांडण!

यादी म्हणजे अप्रेझल

अशा वेळी कोणी तरी ‘रोलिंग स्टोन’ मासिकाची यादी पुढे करतं. जणू सुप्रीम कोर्टाचा निकालच. पण या निकालाची गंमत बघा. 2003 साली या मासिकाने 100 गिटारिस्टची यादी छापली, तेव्हा पहिला होता जिमी हेन्ड्रिक्स. गिल्मर तब्बल 82वा आणि व्हॅन हेलन 70वा. 2011 साली दुसरी यादी आली. हेन्ड्रिक्स पहिलाच, पण गिल्मर थेट 14व्या नंबरवर आणि व्हॅन हेलन आठवा! या आठ वर्षांत गिल्मर काय गिटारच्या क्लासला जात होता? नाही. बदलले ते मार्क देणारे. पहिली यादी मासिकाच्या एका संपादकाने केली होती, दुसरीसाठी वादक आणि जाणकारांचं पॅनल बसवलं होतं.

म्हणजे आपल्या अप्रेझलसारखंच की! काम तेच, माणूस तोच, बॉस बदलला की रेटिंग बदललं.

हेन्ड्रिक्स मात्र 2023च्या 250 जणांच्या यादीतही पहिलाच राहिला. 1966च्या सप्टेंबरमध्ये तो अमेरिकेतून लंडनला आला आणि 18 सप्टेंबर 1970 रोजी तिथेच गेला. वय 27. चार वर्षं आणि तीन स्टुडिओ अल्बम, एवढीच काय ती कमाई. डावखुरा असल्याने तो उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायचा. लंडनच्या भिंतींवर ‘क्लॅप्टन देव आहे’ असं रंगवलं जायचं, ते हेच दिवस. लंडनला येऊन आठवडा-दीड आठवडा झालेला हा पोरगा 1 ऑक्टोबरला क्लॅप्टनच्याच ‘क्रीम’ बँडबरोबर स्टेजवर चढला आणि त्याने देवालाच घाम फोडला. हे सांगितलं की आमचा पेजभक्त पाच मिनिटं गप्प बसतो. फक्त पाच!

तयारी की भाव?

खरं भांडण नावांचं नसतंच, ते मोजपट्टीचं असतं. व्हॅन हेलनचा 1978चा ‘इरप्शन’ घ्या. जेमतेम पावणेदोन मिनिटांचा तुकडा. दोन्ही हातांची बोटं गिटारच्या मानेवर आपटून सूर काढायची ती टॅपिंगची पद्धत त्याने शोधली नव्हती, पण त्या पावणेदोन मिनिटांनंतर जगभरातली पोरं तेच करत सुटली. मायकल जॅक्सनच्या ‘बीट इट’मधला सोलोही त्याचाच, आणि त्याने तो एक पैसा न घेता वाजवला.

उलट गिल्मर. ‘कम्फर्टेबली नम्ब’मध्ये तो घाईत नसतोच. एक सूर घेतो, तार ओढतो, थांबतो... आणि त्या थांबण्यात आपण अडकतो. सवाई गंधर्वच्या मांडवात बसलेल्या काका लोकांना हा वाद नवा नाही. द्रुत तानांची तयारी मोठी की एका षड्जावर सगळा मांडव गप्प करणं मोठं? ते काकाही चहाच्या स्टॉलवर तावातावाने भांडतात. फरक एवढाच की त्यांच्या अंगावर शाल असते, आपल्या अंगावर काळा टी-शर्ट.

माझं मत विचाराल तर वेग हा भागाकार आहे, त्याचं उत्तर आकड्यात येतं. म्हणून वादात तो सोयीचा पडतो. पण टोनी आयोमीला कुठल्या आकड्यात बसवणार?

आयोमी बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय 17. नोकरीचा शेवटचा दिवस आणि यंत्राखाली उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच! कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगोचीही दोन बोटं आगीत निकामी झाली होती, तरी तो जॅझमधला उस्ताद होता. आयोमीने प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या बनवल्या. पुढे दाबायला सोपं जावं म्हणून तारा सैल केल्या. सूर खाली उतरला, जाड झाला. 1970 साली ‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला अल्बम आला आणि आज आपण ज्याला हेवी मेटल म्हणतो, त्याची सुरुवात बहुतेक जण तिथूनच मोजतात.

मागे बसलेली मंडळी

आणखी एक गोष्ट. भांडण नेहमी गिटारिस्टवरच का होतं? कारण तो पुढे उभा असतो. ड्रमर बिचारा मागे, घामाने निथळत.

‘लेड झेपेलिन’चा जॉन बॉनम ऐका. 1971च्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’साठी इंग्लंडमधल्या एका जुन्या घरात जिन्याखाली ड्रम्स मांडले होते आणि माइक वरच्या मजल्यावरून टांगले होते. त्यामुळे तो आवाज दरीतून आल्यासारखा घुमतो. सप्टेंबर 1980 मध्ये बॉनम गेला. डिसेंबरमध्ये बँडने जाहीर करून टाकलं, आम्ही थांबतोय. दुसरा ड्रमर सहज मिळाला असता, पण त्यांनी घेतला नाही. याहून मोठं रेटिंग कुठल्या मासिकाने दिलंय?

‘रश’चा गेडी ली बास वाजवतो, गातो आणि त्याच वेळी पायांनी सिंथेसायझरची पेडल्स दाबतो. ‘डीप पर्पल’च्या जॉन लॉर्डने चर्चमध्ये शोभणारा हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँपला जोडला. तो गुरगुरायला लागला की ही गिटार की ऑर्गन, ओळखू येत नाही. यांच्यावर कधी भांडलोय आपण?

जे यादीत नव्हतेच

आता जरा सिरियस. 2003च्या त्या 100 जणांत बायका किती होत्या? दोन. जोनी मिचेल आणि जोन जेट. सिस्टर रोझेटा थार्प नव्हती. ही कृष्णवर्णीय बाई चर्चची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवत होती, तेव्हा एल्व्हिस प्रेस्ली शाळेत होता. 1964 साली मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर, पावसात, कोट घालून तिने वाजवलेली गिटार शूट झालेली आहे. जरूर बघा. 1973 साली ती गेली, त्यानंतर कितीतरी वर्षं तिच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिला जागा मिळाली 2018 साली. आणि 2023च्या यादीत ती एकदम सहावी! ती गेल्यावर पन्नास वर्षांनी. तिच्या वाजवण्यात तेव्हाही एक सूर कमी नव्हता आणि आताही जास्त नाही.

असंच आपल्या जवळचं उदाहरण. 1972 मध्ये पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ पुन्हा रेकॉर्ड केली. अधिकृतपणे ती बाहेर आली 2015 साली. गाण्याच्या नावापुढे कंसात लिहिलंय ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’. झेपेलिनचं अवघड ताल असलेलं गाणं ज्या तबलजींनी आणि सारंगियांनी पेलून दाखवलं, त्यांची ओळख त्या शीर्षकात एवढीच.

म्हणून माझं म्हणणं, भांडण थांबवू नका. उलट वाढवा. फक्त आमच्या ग्रुपने आता एक नियम केलाय तो उसना घ्या. नाव घ्यायचं असेल तर आधी गाणं लावायचं, सगळ्यांनी मोबाइल बाजूला ठेवून ते शेवटपर्यंत ऐकायचं आणि मगच तोंड उघडायचं. परवा अकाउंट्सवाल्याने व्हॅन हेलन सोडून चक्क रोझेटा थार्प लावली. टेस्टिंगवाला म्हणाला, ‘परत लाव.’

हेन्ड्रिक्स पहिलाच, ते सोडा. पण दुसऱ्या नंबरसाठी मी बोलायला तयार आहे. तुमचं नाव कोणतं?